लहरी हवामान

गेल्या जूनमधली गोष्ट. पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता. २०२५ साली मॉन्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यांत लवकर, आणि आमच्याकडे पुण्यात तर छत्र्या दुरुस्तीला टाकायच्या आतच गॅलरीत बुरशीचा वास सुटला. पेपरवाला पोरगा पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फेकायचा, तरी कोपरे ओले व्हायचे. मी भाषांतरं करते. एका रविवार पुरवणीसाठी इंग्रजीतले, क्वचित जर्मनमधले लेख मराठीत आणते. पैसे बेताचेच मिळतात, पण नाव छापून येतं आणि सोसायटीतल्या दोन काकू ते वाचून जिन्यात थांबवतात. त्या आठवड्यात युरोपातल्या उन्हाळ्यावरचा एक ब्रिटिश लेख होता. त्यात ‘क्लायमेट इमर्जन्सी’ हे दोन शब्द अकरा वेळा आले होते. मी फार विचार न करता अकराही ठिकाणी ‘हवामान आणीबाणी’ करून पाठवून दिलं.

संध्याकाळी पुरवणीतल्या उपसंपादक मुलीचा फोन. “ताई, आणीबाणी नको हो. पंचवीस जूनला पन्नास वर्षं होतायत, या आठवड्यात अख्खा पेपर आणीबाणीनं भरलाय. लोक म्हणतील हीसुद्धा इंदिरा गांधींनीच लावली.” मी हसले. खरं होतं तिचं. मराठीत आणीबाणी एकच, आणि ती १९७५ ची. ज्यांचे काका-मामा येरवड्याला राहून आले त्यांच्या घरात हा शब्द अजून जेवणाच्या टेबलावर भांडणं लावतो. मी म्हटलं, मग संकट करा. “बघते,” ती म्हणाली, “शीर्षकाला अक्षरंही मोजून घ्यावी लागतात.” रविवारी पिशवीतून पेपर काढला. वर ठळक अक्षरांत: ‘लहरी हवामानाचा युरोपला फटका’. आत अकराही ठिकाणी हवामानाचा लहरीपणा.

एका शब्दानं लेखातला आरोपीच सुटला होता.

लहरी कोण असतं? लहरी राजा असतो, लहरी कलावंत असतो, घरातले एखादे आजोबा असतात. त्यांच्या वागण्याला कारण नसतं; असलं तरी विचारायचं नसतं. आणि तो मूळ लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हेच सांगत होता की कारण माहीत आहे, हिशेब लागलेला आहे, कोळसा किती आणि तेल किती ते वहीत मांडलेलं आहे. चहा गार झाला तरी मी शीर्षकाकडे बघत बसले. फोन मात्र केला नाही. ती मुलगी गुणी आहे, आठ पानं एकटी लावते. शिवाय आतून माहीत होतं की माझी आणीबाणीही काही खरी नव्हती. एका परक्या घरातलं भांडण मी आपल्याकडच्या जुन्या भांडणाच्या नावानं खपवत होते.

या बाबतीत मी जरा हळवी आहे, कारण आमचे बाबा वेधशाळेत होते. पुण्यात वेधशाळा म्हणजे सिमला ऑफिस. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, शिवाजीनगरला मोठी इमारत उभी राहिली आणि गावानं तिला आल्यागावचं नाव देऊन टाकलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. रिक्षावाल्याला आजही सिमला ऑफिस सांगितलं की पुरतं. वाड्यात बाबांना सगळे ‘वेधशाळेचे काका’ म्हणत आणि आभाळ भरून आलं की कुणीतरी जिन्यातून ओरडायचंच, “काय काका, आज पाऊस आहे म्हणताय? मग छत्री ठेवतो घरी!” बाबा हसत नसत. त्यांचं काम अंदाजाचं नव्हतंच, नोंदीचं होतं. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीशी आणायचा आणि आकडा लिहायचा. मला एकदा नेलं होतं. पाण्याची कड काचेपाशी किंचित वर चढलेली असते. ती कड वाचायची नाही, मधला खळगा वाचायचा, हे त्यांनी मला दोनदा बसवून दाखवलं. पेपरात ‘गेल्या चोवीस तासांत’ म्हणून जो आकडा येतो त्याचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो, हे शाळेत सांगितल्यावर मला बाईंनी खोटारडी ठरवलं होतं.

घरी आले की बाबा पेन्सिल घेऊन पेपर वाचत. ‘पावसाने शहराला झोडपले’ याखाली रेघ. ‘सूर्य आग ओकू लागला’ याखाली रेघ. ‘वरुणराजा रुसला’ याखाली दोन रेघा आणि समासात उद्गारचिन्ह. “पाऊस कुणाला झोडपत नसतो,” ते म्हणत, “तो पडतो. किती पडला ते लिहा.” आणि मग पेपर घडी घालता घालता, “हा पेपर आहे की कीर्तन?” तेव्हा मला ते खडूस वाटायचे. वरुणराजा रुसतो यात वाईट काय आहे, छानच आहे की. आता वाटतं, त्यांना नेमकं काय टोचत होतं ते मला भाषांतरं करायला लागल्यावर कळलं. रुसलेल्या माणसाची समजूत काढायची असते. त्याचा तपास करायचा नसतो.

आणि हवामान हा शब्द तरी केवढा भाबडा आहे आपला! हिंदीत मौसम वेगळा, जलवायू वेगळी. बंगालीतही आवहावा एक, जलवायू दुसरी. मराठीत आज छत्री घ्यायची की नाही तेही हवामान आणि शंभर वर्षांत समुद्र किती चढेल तेही हवामान. त्यामुळे ‘हवामान बदल’ असं वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमनग येत नाही. बाहेर आभाळ आलंय आणि दोरीवरचे कपडे काढायला हवेत, एवढंच येतं. उलट ‘तापमानवाढ’ हा शब्द आपल्याला फुकटात फार चांगला मिळालाय. ताप म्हणजे ऊन, ताप म्हणजे आजार आणि ताप म्हणजे डोक्याला ताप. इंग्रजांना यासाठी नियमावली काढावी लागली. मे २०१९ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’नं आपल्या लोकांना कळवलं की यापुढे शक्यतो ‘क्लायमेट चेंज’ नको, इमर्जन्सी किंवा क्रायसिस लिहा. ‘वॉर्मिंग’ नको, ‘हीटिंग’ लिहा. वॉर्म म्हणजे त्यांच्याकडे सुखाची ऊब. थंडीत कुडकुडणाऱ्या देशाला ‘जग उबदार होतंय’ असं सांगितल्यावर कोण कशाला घाबरेल? आपल्याकडे एप्रिलात दुपारी लक्ष्मी रोडवर स्कूटर लावून दोन मिनिटांनी सीटवर परत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्नच पडायचा नाही.

पण शब्द मोठा केला की धास्ती मोठी होते, असंही नाही. मी नव्वदच्या आसपास फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जायचे. एकाच आवारात परकीय भाषा आणि पत्रकारिता; चहाच्या टपरीवर ‘डेर, डी, डास’ घोकणारे आम्ही आणि सरकार पाडायला निघालेले ते. तिथं कुणीतरी जुन्या जर्मन साप्ताहिकांचा एक गठ्ठा आणला होता. त्यात ऑगस्ट १९८६ चा ‘श्पीगल’. मुखपृष्ठावर कोलोनचं प्रचंड कॅथेड्रल अर्धं समुद्रात बुडालेलं, पाण्यातून वर आलेले त्याचे दोन काळे मनोरे आणि खाली शब्द: ‘डी क्लिमा-काटास्ट्रोफं’. मला तेव्हा वाटलं की कुठल्यातरी कादंबरीची जाहिरात असेल. शब्दकोश उघडून लेखाचा पहिला परिच्छेद लावायला एक आठवडा गेला, आणि मग बाबांना विचारलं, हे खरंय का? बाबा म्हणाले, “किती वर्षांच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे?” एवढंच. म्हणजे जर्मन वाचकाला चाळीस वर्षांपूर्वीच प्रलय दाखवून झाला होता. त्याच जर्मनीत भाषेच्या जाणकारांची एक समिती दर वर्षी ‘नको असलेला शब्द’ निवडते. २०१९ साठी त्यांनी निवडला ‘क्लिमाहिस्टेरी’, हवामानाचा उन्माद. शाळा सोडून रस्त्यावर उतरलेल्या पोरांना हिणवायला तो वापरला जात होता. प्रलय आणि उन्माद, दोन्ही एकाच भाषेत, आणि दोघांच्या मध्ये बसलेला वाचक सकाळी ब्रेडला लोणी लावतोय.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. २३ जून १९८८ ला ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की तापमानवाढ सुरू झालेली आहे. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ते पहिल्या पानावर घेतलं. म्हणजे सुरुवात तर स्वच्छ होती. पुढे काय झालं ते मॅक्सवेल आणि जुल्स बॉयकॉफ या संशोधक भावांनी मोजून ठेवलंय. १९८८ ते २००२ या काळात तिथल्या चार मोठ्या दैनिकांत आलेल्या लेखांचा नमुना त्यांनी तपासला, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लेखांत ‘माणसामुळे होतंय’ आणि ‘नैसर्गिकच आहे’ या दोन्ही म्हणण्यांना जवळजवळ सारखी जागा होती. शास्त्रज्ञांत तोवर वाद उरलेला नव्हता. तो कागदावर मात्र नांदत होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. गच्चीवरची टाकी गळते आहे असं प्लंबरनं चढून, बघून, हात ओला करून सांगितलं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ खुर्चीत बसून म्हणाले, मला नाही वाटत. आणि सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: ‘टाकीच्या गळतीबाबत सभासदांत मतभेद आहेत.’ इतिवृत्तातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं दीड वर्ष भिंत ओलीच.

त्याच अमेरिकेत फ्रँक लुंट्झ या सल्लागारानं २००२ च्या सुमारास रिपब्लिकन नेत्यांना एक टिपण दिलं होतं: ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं. शब्द जुनाच होता, शास्त्रज्ञ तो आधीपासून वापरत होते. यानं फक्त त्याचा मऊपणा ओळखला. मी इतकी वर्षं निष्ठेनं ‘हवामान बदल’ लिहीत होते त्यावर असाही एक हात फिरलेला आहे हे कळल्यावर थोडी शिसारी आली. पुढे २०१९ मध्ये लुंट्झ यांनी आपण चुकलो होतो असं सिनेटर मंडळींसमोर सांगितलं. शब्द तोवर जगभर मुरला होता. ऑस्ट्रेलियाचं फार लिहीत नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तिथली जंगलं महिनोन् महिने जळत असताना मरडॉक घराण्याच्या पेपरांत आग लावणाऱ्या समाजकंटकांवर इतका भर होता की खुद्द धाकट्या मरडॉकनं जाहीर नाराजी दाखवली, आणि पुढच्याच वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, त्याच पेपरांनी शून्य उत्सर्जनाची मोहीम काढली. सिडनीतली माझी मावसबहीण म्हणाली, “आमच्याकडे धुरानं सूर्य लाल दिसत होता आणि शेजारी विचारत होते, काडी कुणी टाकली?”

मला शब्दांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात ते फोटो.

एक्झिटर विद्यापीठातल्या सॅफ्रन ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांच्या बातम्यांचे फोटो तपासले. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स. मजकुरात माणसं आजारी पडत होती, रेल्वे बंद पडत होत्या. आणि फोटोंत बऱ्याचदा समुद्रकिनारा, कारंज्यात नाचणारी मुलं, आईस्क्रीम. त्या जुलैत पॅरिसला ४२.६ अंश होते. आपल्याला हे वाचून हसू येतं, कारण आपल्याकडच्या उन्हाच्या फोटोत तोंडाला ओढणी बांधलेल्या मुली, हातगाडीवरची कलिंगडं आणि माठ असतात. ऊन आपल्याला कधी मौज वाटलेलंच नाही. पण आपली मौज कुठे आहे? पावसात. पहिली सर आली की पेपरात कोण असतं? सिंहगडावर कणीस खाणारी जोडपी, डेक्कनच्या पुलावर भिजत सेल्फी काढणारी कॉलेजची मुलं, ‘पुणेकर सुखावले’. आणि त्याच्या खाली चौकट: धरणसाखळीत आज किती टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, आणि तो आकडा जसजसा जवळ येतो तसतशी पुण्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर पगार झाल्यासारखी तकतकी येते. माझ्याही येते. वर्षभर नळाला पाणी येणार या आनंदाला मी कशी नावं ठेवू?

पण जुलै २०२४ मध्ये हाच आनंद आमच्या मावशीच्या घरात शिरला. ती सिंहगड रस्त्याला एकतानगरीत तळमजल्यावर राहायची. चोवीस तारखेला रात्री तिच्याशी बोलले तेव्हा ती खूश होती, धरण भरत आलं म्हणून. पंचवीसच्या पहाटे मुठेत विसर्ग तीस हजार क्युसेकच्या वर गेला आणि ती उठली तेव्हा पाय पाण्यात पडले. दुपारी बोटीतून बाहेर काढलेल्या माणसांत ती होती, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्यात, का कोण जाणे, कुकरची शिट्टी. आठवड्यानं चिखल उपसायला गेलो. कपाटाच्या खणांत अंथरलेले जुने पेपर भिजून खणालाच चिकटले होते. मी ते कालथ्यानं खरवडून काढत होते. एका खणात कणीस खाणारी मुलगी निघाली. रंग उतरला होता, दात तेवढे पांढरेशुभ्र राहिले होते. मावशी म्हणाली, “राहू दे गं ती, छान हसतेय.”

तर युरोपाला ऊन गोड, आपल्याला पाऊस. दोघांच्याही पेपरांत संकट आधी सणाचे कपडे घालून येतं.

आपल्याकडचे इंग्रजी पेपर ही आणखी वेगळी जात. तिथं हा विषय परराष्ट्र धोरणाच्या पानावर राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शेवटच्या तासांत कोळशाच्या वाक्यातला ‘फेज आउट’ जाऊन ‘फेज डाउन’ झाला, तेव्हा मी दोन्हीकडच्या बातम्या समोर ठेवून भाषांतर करत होते. ब्रिटिश बातम्यांत परिषदेच्या अध्यक्षांचा, आलोक शर्मांचा, दाटून आलेला गळा होता आणि भारत-चीननं ऐन वेळी मसुदा पातळ केला असा सूर. इकडच्या बातम्यांत तोच क्षण म्हणजे भारतानं गरीब देशांची बाजू लावून धरली. ‘संपवणे’ आणि ‘कमी करणे’, मराठीत तर एका क्रियापदाचा फरक. मला दोन्ही खरं वाटत होतं, आणि हे भाषांतरकाराला परवडत नाही. १९९१ मध्ये पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका छोट्या पुस्तिकेत विचारलं होतं की भाताच्या खाचरातून येणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एका तागडीत कसा घालता? पोटाचा धूर वेगळा, चैनीचा धूर वेगळा. इतकी नेमकी गोष्ट त्याआधी कुणी मांडलेली मला माहीत नाही, आणि आपले इंग्रजी पेपर आजही त्याच पायावर उभे आहेत. फक्त बाणेरच्या सिग्नलला एकेका माणसाला घेऊन उभ्या असलेल्या दीड-दोन टनांच्या गाड्यांची रांग दिसते तेव्हा मनात येतं, दरडोई भागाकार करताना या सगळ्या गाड्या कुठल्यातरी आदिवासी पाड्याच्या मागे किती सुखात लपतात. त्या रांगेत माझीही रिक्षा असते, हेही आहेच.

मराठी पेपर मात्र परिषदांना फार भीक घालत नाहीत. कोपऱ्यात चार ओळी. म्हणून मराठी पत्रकारितेला या विषयाचं सोयरसुतक नाही असं माझं अनेक वर्षांचं ठाम मत होतं आणि मी ते चारचौघांत मांडायचे. ते बदललं जुन्नरला. तिकडे मामेभावाची द्राक्षबाग आहे. त्याच्या पडवीत खुंटीला शेतीच्या दैनिकाचे अंक लोंबत असतात आणि त्यात रोज सबंध भाग हवेचा: कमाल, किमान, आर्द्रता, डाऊनीचा रोग येईल का, भुरीचा येईल का, फवारणी कधी. जिल्हा पानांवर अवकाळी, गारपीट, नुकसान, पंचनामे, हेक्टरी मदत. ‘हवामान बदल’ हे शब्द क्वचितच, पण गोष्ट रोजची. बाकीचे देश विचारतात, हे खरं आहे का? केवढं भयंकर आहे? कुणी केलं? मराठी पेपर एकच विचारतो: पंचनामा झाला का? आणि ही काही आजची सवय नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’नं पुण्यात बसून शेतकऱ्याला हेच सांगितलं होतं, की सरकारचाच दुष्काळ संहितेचा कायदा आहे, त्यात तुला सूट लिहिलेली आहे, ती माग. पाऊस का पडला नाही याचं उत्तर टिळकांकडे नव्हतं. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते माहीत होतं. बाबांनी रेघा मारलेल्या त्या सगळ्या झोडपण्या-रुसण्याच्या खाली ही एक कोरडी, व्यवहारी, हट्टी ओळ वाहत असते, ती मी कधी वाचलीच नव्हती.

मामेभावाला मी माझी लहरीची तक्रार सांगितली होती. तो बांधावर काडी मोडत म्हणाला, “अक्का, लहरी काय घेऊन बसलीस. अवकाळीनं आता कॅलेंडर लावून घेतलंय भिंतीला. आम्हीच बिनकॅलेंडरचे.” त्याचं दुःख वेगळंच होतं. द्राक्षाची एप्रिलला खरड छाटणी करतात. त्यानंतर मे-जूनच्या उन्हात नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड धरतो, दिसत काहीच नाही, सगळं आतल्या आत. त्याला ऊन लागतं. आणि गेल्या मेमध्ये उन्हाच्या जागी पाऊस होता. त्यानं ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या तपासायला दिल्या. तिथं डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. परत आला तो गप्प. पुढे बाग फुटली, हिरवीगार, येणारा-जाणारा थांबून बघेल अशी. पण घडांच्या जागी बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, तारेला वेटोळं घालून बसलेल्या नुसत्या बाळ्या. मी नोव्हेंबरात गेले तेव्हा त्यानं एक वेल हातानं उघडून दाखवला. पाच फुटवे, एक घड, तोही मुठीत मावेल एवढा. “आता याचा पंचनामा कसा करायचा?” तो म्हणाला. “तलाठी, कृषी सहायक, दोघं येऊन गेले. पडलेलं मोजतात, कुजलेलं मोजतात. तेहतीस टक्क्यांच्या वर गेलं पाहिजे. आलंच नाही ते कशात मोजणार?”

बाबा असते तर त्यांनीही मोजपात्र खाली ठेवलं असतं.

गेल्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सॲपवर एक कात्रण पाठवलं. जिल्हा पानावर दोन कॉलम, त्याच्याच बागेचा फोटो, आणि शीर्षक ‘लहरी हवामानामुळे द्राक्ष बागायतदार हवालदिल’. मी मनात रेघ मारलीच. पाच मिनिटांनी फोन. फोटो छान आलाय असं मी म्हटलं. “फोटोचं राहू दे,” तो म्हणाला, “तू पेपरात लिहितेस ना? सोमवारी आम्ही तहसीलला निवेदन देणार आहोत, त्याची परत बातमी येईल. ओळख असेल तर सांग त्यांना, तो लहरी काढा. अतिवृष्टीला भरपाई आहे, पण महसूल मंडळात दिवसाला पासष्ट मिलिमीटर मोजायला पाहिजे, तेवढा एका दिवसात आमच्याकडे नाही पडला. सततच्या पावसाला दोन हजार तेवीसपासून आहे. लहरीला कुठं काय नाही. कात्रण अर्जाला जोडायचंय.”

मी त्या उपसंपादक मुलीला फोन लावला. जून महिन्यात जो करायचा राहिला होता, तो. जिल्हा आवृत्ती तिच्याकडे नव्हती, पण त्या डेस्कवरचा मुलगा तिच्या बॅचचा निघाला. “सांगते ताई,” ती म्हणाली, “पण दोन कॉलमचं शीर्षक आहे, बसायला हवं. किती अक्षरं होतायत?”

मी बोटांवर मोजली. लहरी हवामान, सात. सततचा पाऊस, सात.